अनुभव धागा : होडी का बदललीत?

खारा वारा : गेल्या डिसेंबरात आमची २२ फुटी शिडाची होडी विकली. ट्रेलरवर चढणारी, वर ओढून घेता येणारा कणा (होडी कलू नये म्हणून तळातून पाण्यात उतरणारी पाटी), आत चौघांना आडवं होण्यापुरती जागा. लेक सात वर्षांची असताना घेतली होती. आता ती पुण्यात नोकरी करते आणि माझी कंबर जॅक फिरवायला नकार देते. कारण एवढंच, पण राहवत नाही म्हणून सविस्तर लिहितो. ज्यांनी ज्यांनी होडी बदलली, मोठी घेतली, छोटी घेतली, सोडूनच दिली, त्यांनीही लिहा. शिडाचीच हवी असं नाही.

ट्रेलरवाली घेताना हिशेब सरळ होता. पावसाळ्यात गेटवेसमोर नांगरून ठेवता येत नाही, मग जून ते सप्टेंबर पनवेलला शेडमध्ये. एरवी मनात आलं की गाडीला जोडायची आणि मुरूड, नाहीतर मुळशी. चौघं, दोन रात्री, स्टोव्हवर पिठलं.

पाण्यानं मात्र वेगळाच हिशेब मांडला. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेला भरती भरते दुपारी बाराच्या आसपास, आणि उधाणाला भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो. आमच्या रॅम्पवर होडी उतरवण्याजोगं पाणी असायचं भरतीच्या आगेमागे दोनेक तास. डोलकाठी उभी करून, तारा ताणून, शिडं चढवून तयार होईपर्यंत ओहोटी लागलेली. दिवसभर फिरून संध्याकाळी सहाला परत यावं तर रॅम्पच्या टोकाला नुसता चिखल. मग रात्री बाराच्या भरतीची वाट बघत बसा, किंवा बाहेर नांगर टाकून झोपा. एकदा असंच टेकवून ठेवली, तर कण्याच्या खाचेत गाळ घट्ट बसला. दुसऱ्या दिवशी कणा खाली उतरेचना. बांबूनं ढोसून ढोसून मोकळा केला, त्यात माझा चष्मा समुद्राला गेला.

शेवटच्या तीन वर्षांची वही काढून बघितली. होडी सहा वेळा पाण्यात गेली होती, रात्रीचा मुक्काम शून्य.

होडीच्या पैशांत दोन गोष्टी केल्या. एक जुनी एंटरप्राइज, म्हणजे छोटी शिडाची होडी, घेतली. चार मीटरची, दोघांची, किनाऱ्यावर ट्रॉलीवर असते. जोडायला अर्धा तास, आणि ढकलायला बायको आणि मी पुरतो. दुसरं म्हणजे दोन मित्रांबरोबर २४ फुटी पक्क्या कण्याच्या होडीत तिसरा हिस्सा. ती ऑक्टोबर ते मे मुरिंगलाच, म्हणजे पाण्यात कायमच्या नांगराला बांधलेली असते. सकाळी मतलईवर, म्हणजे जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्यावर, मांडव्याकडे निघायचं, दुपारी वायव्येचा वारा धरून परत. हा वारा परतताना जवळजवळ नाकावरच येतो, टॅक मारून मारून (वाऱ्याविरुद्ध नागमोडी जाऊन) हात दुखतात, आणि ओहोटी आडवी आली तर मांडवा तासभर तिथल्या तिथेच दिसत राहतं. पण भरतीबरोबर निघालं की तेच पाणी आत ओढून आणतं. हे जुन्या होडीत कधी शिकलोच नाही, कारण सगळं लक्ष रॅम्पकडे.

वेसावकर : आमची गोष्ट हौसेची नाही, पण तुम्ही म्हणालात म्हणून लिहितो. बाबांची लाकडी होडी होती, सहा सिलिंडरची, डोलीची. डोल म्हणजे खुंट्यांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं. पाण्याच्या ओढीनं बोंबील, जवळा त्यात येऊन पडतो. त्याला मोठी होडी लागते, पाच-सहा खलाशी लागतात. बाबा गेल्यावर दोन हंगाम ओढले. डिझेल भरा, खलाशांना आगाऊ द्या, बर्फ घ्या, आणि वर येताना जाळ्यात प्लास्टिकच्या पिशव्या. तिसऱ्या वर्षी भावानं आणि मी ठरवून विकली. ज्या दिवशी नेली त्या दिवशी आई खाडीवर आली नाही.

त्या पैशांत दोन छोट्या फायबरच्या घेतल्या, आउटबोर्ड (मागे बाहेरून बसवायचं इंजिन) लावून. एकीत दोन माणसं पुरतात, वावरीचं, म्हणजे पाण्यात भिंतीसारखं उभं राहणारं जाळं मारतो, पहाटे जाऊन दुपारच्या आत घरी. लांब जाता येत नाही. वारा जरा चढला की मुकाट्यानं मागे फिरावं लागतं, हे सवयीचं व्हायला वेळ लागला. मोठ्या होडीत आम्ही लाटेला विचारत नव्हतो. आता १ जूनची बंदी लागायच्या आधीच मे अखेरीस आम्ही होड्या वर काढतो.

नारळी पौर्णिमेला दोन नारळ लागतात, एवढा खर्च वाढला. आणि बोंबील बाजारातून विकत आणतो, ते आईला अजून पटलेलं नाही.

तिसरा मजला : ठाणे. ट्रेलर सोसायटीच्या आवारात ठेवला म्हणून सर्वसाधारण सभेत माझ्यावर स्वतंत्र ठराव आला. १८ फुटी विकली, हवा भरायची कयाक घेतली. कपाटात राहते. सेक्रेटरी आता लिफ्टमध्ये हसतात.

मायलेक : आमच्याकडे होडी वयाप्रमाणे बदलते, चपलांसारखी. मुलगा नऊ वर्षांचा असताना ऑप्टिमिस्ट, म्हणजे मुलांची एकट्याची शिडाची होडी घेतली, सेकंडहँड. २.३ मीटरची पेटीच ती, पुढून चौकोनी. शर्यतीत १५ वर्षांपर्यंतच चालते, पण त्याचे गुडघे त्याआधीच हनुवटीला लागायला लागले. लेझर, तिच्याहून मोठी एकट्याचीच होडी, घ्यायचं ठरलं, तर सर म्हणाले, पूर्ण शीड आत्ता नको. लेझरचं बरं असतं, होडी तीच, शीड आणि डोलकाठीचा खालचा तुकडा बदलायचा. लहान, मधलं, मोठं. पोरगं वजनानं हलकं आणि शीड ७ चौरस मीटरचं, तर दुपारच्या वाऱ्यात तो होडीत कमी आणि पाण्यात जास्त. मी ऐकलं नाही. मोठं शीड घेतलं, ‘पुढे लागेलच’ म्हणून, जसं शाळेचा गणवेश एक साइज मोठा घेतात. पूर्ण हंगाम तो रडकुंडीला आला आणि मार्चमध्ये म्हणाला, आई, क्रिकेट खेळतो. लहान शीड मग उसनं आणलं. त्यावर परत आला, पण ते वर्ष गेलंच.

@खारा वारा, तुमची एंटरप्राइज दोघांची आहे ना? आमच्या घरी एक सुकाणूवर बसणारा तयार आहे, पुढचं शीड बघणारं कुणी मिळत नाही.

निवृत्त नाखवा : २०२०मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो (गाड्याही नेणारी बोट) सुरू झाली, पुढच्या हिवाळ्यात मी माझी लाँच विकून टाकली. बदल्यात काहीही घेतलं नाही. गाडी आत घालतो, वर जाऊन चहा घेतो. इंजिन बिघडलं तर ते दुसऱ्याचं. कुठे टॅक मारणारे दिसले की हात हलवतो.

खारा वारा : @मायलेक, रविवारी बायकोला पुढचं शीड सांभाळायला सांगून बघतो. तिचं म्हणणं आहे की इतकी वर्षं सुकाणू मीच धरलं, आता तिची पाळी. तेव्हा पुढची जागा बहुधा मलाच लागणार. मुलाला पाठवा, तिघं किनाऱ्यावर आलो की पाळ्या लावू. शनिवारी अष्टमी आहे, म्हणजे रविवारीही भांगाचं पाणी, भरती-ओहोटीत फरक थोडा, ओढ कमी असेल.