रेप्लिका अलॉय: चाक उलटं करून बघा

फिनिश हुबेहूब ओरिजिनलसारखं असेल तर रेप्लिका अलॉय, म्हणजे ओरिजिनल अलॉय चाकांची नक्कल, घ्यायला हरकत काय, असं एकाने विचारलंय. फिनिशवर अजिबात जाऊ नका! चाक उलटं करून स्पोकची मागची बाजू बघा. तिथे साइज, ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून ते हबला टेकतं त्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर) आणि चाक किती किलो पेलेल तो आकडा उठवलेला हवा. तो एक्सलवरच्या कमाल भाराच्या निम्म्याहून कमी असेल तर विषय संपला. नुसत्या 'जेडब्ल्यूएल' (अलॉय चाकांचं जपानी मानक) शिक्क्यावर विसंबू नका, तो उत्पादक स्वतःच मारतो. सोबत 'व्हीआयए' (जपानमधल्या वाहन तपासणी संस्थेचा शिक्का) असेल तर त्रयस्थ चाचणी झालेली असते. पण शिक्केही नकली निघतात, म्हणून टेस्ट रिपोर्ट मागाच. बोल्टच्या भोकांभोवती बोट फिरवून बघा. पेंटखाली सुईच्या टोकाएवढे खड्डे, म्हणजे सदोष ओतकामाची खूण, लागले म्हणून मी एक अख्खा सेट परत केलाय.