लाँगवेव्हसाठी फेराइट रॉड अँटेना: गँग कुठेही फिरवा, ५८५च वाजतं

सोनेगाव_श्रोता
नमस्कार मंडळी. १५० ते ३०० किलोहर्ट्झसाठी अ‍ॅम्प्लिफायरसह फेराइट अँटेना जोडलाय, पण काम होत नाही. रॉड जुन्या मीडियमवेव्ह रेडिओतला, २०० मिमी लांब, १० मिमी जाड. त्यावर ३६ नंबर एनॅमल तारेचे ६५ वेढे. हवेचा गँग (फिरवून ट्यून करायचा कपॅसिटर), एकच सेक्शन, ३६५ पीएफ. कॉइलचं गरम टोक ०.१ मायक्रोफॅरडमधून थेट बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसवर, असे दोन कॉमन एमिटर स्टेज. सप्लाय राउटरच्या १२ व्होल्ट अ‍ॅडॅप्टरचा. सगळं दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळ.

कुठेही ट्यून करा, आकाशवाणी नागपूरचं ५८५ किलोहर्ट्झ येतं आणि त्याखाली सतत घरघर. मला मुख्यतः मंगोलियाचं १६४ आणि विमानतळांचे एनडीबी बीकन (विमानांना दिशा दाखवणारे, मोर्समध्ये आपलं नाव सांगणारे) ऐकायचे आहेत. आणखी एक स्टेज लावू का? की तीन रॉड एकत्र बांधू?

लिट्झवाला
स्टेज वाढवू नका भाऊ. आहेत तेच दोन काढा.

आधी हिशेब. या रॉडवर ६५ वेढ्यांचं इंडक्टन्स साधारण पाव मिलिहेन्री भरतं. गँग पूर्ण बंद केला आणि तारांचे ५०-५५ पीएफ धरले, तरी रेझोनन्स, म्हणजे ट्यून होण्याची फ्रिक्वेन्सी, ४८०-५०० किलोहर्ट्झच्या खाली उतरत नाही. म्हणजे तुमचा अँटेना लाँगवेव्हवर ट्यून होतच नाही, आणि ५८५ मात्र नेमकं त्याच्या टप्प्यात बसतं.

१५० ला पोचायला २.७ मिलिहेन्री लागतं. वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात इंडक्टन्स वाढतं, म्हणून २१० च्या आसपास वेढे. २२० घाला आणि मोजून कमी करा, कारण प्रत्येक रॉडचं फेराइट वेगळं असतं. इंडक्टन्स मोजणारं एलसीआर मीटर नसेल तर कॉइल कागदाच्या नळीवर गुंडाळा. नळी रॉडच्या टोकाकडे सरकवली की इंडक्टन्स कमी होतं, मध्यावर आणली की वाढतं. बारीक जुळणी तिथेच करा.

तार: ३६ नंबरची एकेरी तार चालते, पण क्यू, म्हणजे रेझोनन्सची तीक्ष्णता, कमी मिळतो. २०० किलोहर्ट्झला तांब्यात प्रवाह पृष्ठभागापासून जेमतेम ०.१५ मिमी खोलीपर्यंतच वाहतो. म्हणून ४० नंबरचे ७ पदर घ्या, एक टोक दाराच्या कडीला बांधा, दुसरं हँड ड्रिलमध्ये धरून पीळ द्या. मोटर वाइंडिंगच्या दुकानात ही तार वजनावर मिळते. २२० वेढे एकाच थरात ९-१० सेंटिमीटरमध्ये बसतात. थरावर थर चढवू नका, कॉइलची स्वतःची कपॅसिटी वाढते आणि पट्ट्याचं ३०० कडचं टोक हातचं जातं. सोल्डर करताना सातही पदरांचं एनॅमल निघालंय ना, ते एकेक करून तपासा. एक जरी पदर सुटला तरी क्यू पडतो, आणि मीटरवर कंटिन्युइटी मात्र छान दाखवतो. इथेच बहुतेकांचा वेळ जातो.

आता अ‍ॅम्प्लिफायर. क्यू १५० धरला तर २०० किलोहर्ट्झला या टँकचा (कॉइल आणि गँगच्या जोडीचा) इम्पीडन्स ५०० किलोओहमच्या घरात जातो. बीसी५४७ चा बेस त्याच्यावर काही किलोओहम टाकतो, म्हणजे टँक जवळपास शॉर्टच. इथे जेफेटच हवा, म्हणजे गेटवर जवळपास काहीच प्रवाह न ओढणारा ट्रान्झिस्टर. बीएफडब्ल्यू१० घ्या, कॉलेजच्या प्रयोगशाळांमुळे तो आपल्याकडे सहज मिळतो. चौथा पाय कॅनचा असतो, तो ग्राउंडला.

गेट: टँकच्या गरम टोकाला १०० ओहममधून थेट. टँकचं दुसरं टोक ग्राउंडला, म्हणजे बायस (गेटचा स्थिर व्होल्टेज) कॉइलमधूनच मिळतो, वेगळा रेझिस्टर नको. ड्रेन: १०० ओहममधून १२ व्होल्टला, ड्रेनपाशीच ०.१ मायक्रोफॅरड सिरॅमिक आणि १०० मायक्रोफॅरड इलेक्ट्रोलिटिक. सोर्स: १ किलोओहम ग्राउंडला, तिथे दीड ते चार व्होल्ट दिसले पाहिजेत. सोर्सवरून थेट बीसी५४७ चा बेस, कलेक्टर त्याच १२ व्होल्टला, एमिटरला २२० ओहम. तिथून ०.१ मायक्रोफॅरड आणि ४७ ओहम सिरीजमध्ये, मग कोअ‍ॅक्स केबल. व्होल्टेज गेन एकपेक्षा कमीच आहे. सिग्नल टँकच वाढवतो, ट्रान्झिस्टरचं काम फक्त तो केबलमध्ये उतरवण्याचं.

गँगची फ्रेम ग्राउंडला जोडा, नाहीतर हात जवळ नेला की ट्यूनिंग सरकेल.

महाल_आरएफ
वरच्या सर्किटला एक जोड. गेटचं ते १०० ओहम आणि केबलआधीचं ४७ ओहम गाळू नका. सोर्स फॉलोअरच्या, म्हणजे वरच्या जेफेट स्टेजच्या, आउटपुटवर केबलची कपॅसिटी आली की गेटकडून बघताना रेझिस्टन्स निगेटिव्ह दिसतो आणि हाय क्यू टँक ऑसिलेट होतो, म्हणजे स्वतःच सिग्नल काढू लागतो. ओळख सोपी आहे: गँग फिरवताना शिट्टी येते आणि ती गँगबरोबर सरकते. जेफेट आणि बीसी५४७ यांच्यात लांब तार असली तरी हेच होतं. दोन्ही एकमेकांना चिकटून लावा.

रॉडबद्दल: तीन रॉड शेजारी बांधण्यापेक्षा दोन रॉड टोकाला टोक जोडून ४०० मिमी करा. लांबी आणि जाडीचं गुणोत्तर वाढलं की त्याच फेराइटची प्रत्यक्ष मिळणारी पर्मिएबिलिटी (चुंबकीय क्षेत्र गोळा करण्याची क्षमता) वाढते. जोडाची टोकं सपाट घासा आणि सायनोअ‍ॅक्रिलेटचा अगदी पातळ थर द्या, फट राहिली की फायदा गेला. कॉइल जोडावर मधोमध. इंडक्टन्स वाढेल, वेढे पुन्हा कमी करावे लागतील.

५८५ तरीही घुसलं तर रिसीव्हरच्या इनपुटवर ट्रॅप (एकच फ्रिक्वेन्सी गिळणारं सर्किट) लावा: १०० मायक्रोहेन्री आणि ६८० पीएफ सिरीजमध्ये, ६८० ला समांतर १०० पीएफचा ट्रिमर (स्क्रूने जुळवायचा छोटा कपॅसिटर), हा सगळा संच केबलच्या मधल्या तारेपासून ग्राउंडला. एकूण ७४० पीएफच्या आसपास ते स्टेशन दबेल.

सोनेगाव_श्रोता
धन्यवाद, तारेचं आणि बीसी५४७ चं लक्षात आलं. घरघरीचं काय? आणि माझ्या पोर्टेबलला अँटेनाचं जॅक आहे, पण ते फक्त शॉर्टवेव्हवर चालतं.

लिट्झवाला
जॅक चालत नसेल तर कोअ‍ॅक्सच्या टोकाला १० वेढ्यांची छोटी कॉइल करून रेडिओतल्या फेराइटच्या जवळ ठेवा, दोघांचे अक्ष समांतर. मात्र ही कॉइल आणि बाहेरचा अँटेना यांत दोन-तीन मीटर अंतर ठेवा, नाहीतर सिग्नल फिरून आत येईल आणि पुन्हा शिट्टी. रेडिओतला रॉड घरातला गोंगाटही पकडत राहतो, एवढी या पद्धतीची मर्यादा.

महाल_आरएफ
घरघरीचा पहिला संशयित तुमचा राउटरचा अ‍ॅडॅप्टर. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून बघा, फरक लगेच कळेल. नंतर घरातला एकेक एमसीबी पाडत जा आणि ऐका. पंख्याचा फिरवण्याचा ट्रायॅक रेग्युलेटर हा लाँगवेव्हचा मोठा वैरी, टप्प्यांचा कपॅसिटर रेग्युलेटर शांत असतो. एलईडी बल्ब, बीएलडीसी पंखा, सोलर इन्व्हर्टर हे त्यानंतर. कूलरची साधी मोटर सहसा त्रास देत नाही.

उरलेला गोंगाट शेजारच्यांच्या घरांतला. त्याला उपाय एकच, अँटेना गच्चीवर नेणं. रॉड पीव्हीसी पाइपमध्ये ठेवा, पण आत ग्लूगनचा गोंद किंवा मेण वापरू नका, मे महिन्यात उन्हात पाइप तापला की दोन्ही ढिले होतात. इपॉक्सी वापरा. ट्यूनिंगही तापमानाबरोबर सरकतं, म्हणून दिवसा जुळवलेला गँग रात्री पुन्हा बघा. एखादंच स्टेशन हवं असेल तर गँगऐवजी पॉलिस्टायरिन किंवा सिल्व्हर माइका कपॅसिटर आणि छोटा ट्रिमर पुरे. साधे डिस्क सिरॅमिक टँकमध्ये नकोत.

पाइपभोवती अ‍ॅल्युमिनियम फॉइलचं शील्ड केलंत तर लांबीभर एक चीर मोकळी सोडा. फॉइलची टोकं एकमेकांना भिडली की तो शॉर्ट झालेला वेढा होतो आणि अँटेना पूर्ण मुका.

आता दिशा. उलानबातार नागपूरहून अंदाजे ३,९०० किमी, उत्तरेपासून ३३ अंश पूर्वेला. रॉड त्या दिशेला रोखायचा नाही, टोकांकडून काहीच येत नाही. रॉड आडवा ठेवा, एक टोक साधारण वायव्येला, दुसरं आग्नेयेला. एखादा गोंगाट एकाच दिशेने येत असेल तर उलट करा: रॉडचं टोक त्याच्याकडे वळवा, तो बुडतो. स्टेशनसाठी थोडा कोन सोडावा लागला तरी चालतो, कारण जास्तीत जास्त सिग्नलची जागा पसरट असते आणि शून्याची जागा अगदी अरुंद.

आणखी एक. क्यू १५० असताना १६४ ला बँडविड्थ १.१ किलोहर्ट्झच राहते, बोलणं घोगरं वाटेल. टँकला समांतर ४७० किलोओहम लावून बघा, आवाज मोकळा होतो. बीकनसाठी तो काढून टाका, मोर्सला अरुंदच बरं.

ऐकायला नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या रात्री घ्या. एप्रिलपासून विजांचा कडकडाट या पट्ट्यावर सगळं झाकून टाकतो, आणि ढग दिसले की गच्चीवरची केबल रेडिओपासून सोडवून ठेवा.

सोनेगाव_श्रोता
बॅटरीवर चालवून पाहिलं, निम्मी घरघर गेली. उद्या ४० नंबर तार आणतो. पीळ किती द्यायचा?

लिट्झवाला
एका सेंटिमीटरला एक-दोन फेरे पुरे. जास्त दिला तर तार आखडते आणि एनॅमल तडकतं.