दंड भरला नाही म्हणून मत नाही: फ्लोरिडाचा हा नियम तुम्हाला पटतो का?

टॅम्पाकर:
शनिवारी शेजाऱ्याचे जुने कागद उलगडत दोन तास बसलो होतो, तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय म्हणून धागा काढतोय. पन्नाशीचा माणूस, एसी दुरुस्तीची कामं करतो, २०१० मध्ये ड्रग्जच्या प्रकरणात फेलनी (म्हणजे गंभीर गुन्हा) लागली. तुरुंग झाला, प्रोबेशन (बाहेर राहून देखरेखीखालची शिक्षा) झालं, सगळं संपून जमाना झाला. इथे २०१८ ला लोकांनीच ६४ टक्क्यांच्या वर मतं देऊन घटनादुरुस्ती केली, की खून आणि लैंगिक गुन्हेवाले सोडून बाकीच्यांना शिक्षा पुरी झाली की मतदानाचा हक्क आपोआप परत. पुढच्याच वर्षी सरकारने कायदा करून पाचर मारली: कोर्टाचा दंड, फी, नुकसानभरपाई चुकती केल्याशिवाय शिक्षा 'पुरी' नाही.
हा गडी भरायला तयार आहे हो. पण किती? केसेस दोन काउंटीत (म्हणजे इथले जिल्हे). एकीकडे फोनवर एक आकडा सांगतात, दुसरीकडे म्हणतात आमच्याकडे दिसत नाही, बहुतेक वसुलीवाल्यांकडे गेलं असेल. आणि त्या यादीत बचावासाठी सरकारी खर्चाने वकील मिळावा म्हणून केलेल्या अर्जाचे ५० डॉलर पण आहेत. म्हणजे मी गरीब आहे हे सांगायचीसुद्धा फी!

खडूस_काका:
रडगाणं पुरे. शिक्षा म्हणजे शिक्षा, त्यात पैसे आलेच. दुरुस्तीच्या बाजूने जो वकील २०१७ ला फ्लोरिडाच्या सुप्रीम कोर्टात उभा होता त्यानेच सांगितलं होतं की दंड यात धरलेला आहे. मग पास झाल्यावर टोपी फिरवायची? २०२० ला फेडरल अपील कोर्टानेही ६ विरुद्ध ४ ने कायदा उचलून धरला. विषय संपला.

मीनल_एडिसन:
काका कोर्टाने कायदेशीर म्हटलं म्हणजे शहाणपणाचं झालं का? आमच्या न्यूजर्सीत मार्च २०२० पासून पॅरोल-प्रोबेशनवरची माणसंही मत देतात, मेन आणि व्हर्मांट राज्यांत तर तुरुंगातूनही देतात, काय आभाळ कोसळलं? आणि ट्रम्प? मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कात ३४ फेलनी सिद्ध झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये त्याच फ्लोरिडात जाऊन मत टाकलं, कारण शिक्षा बाहेरच्या राज्यातली असेल तर तिथला नियम धरतात आणि न्यूयॉर्कात फक्त आत असेपर्यंत बंदी. ह्या एसीवाल्याने गुन्हा न्यूयॉर्कात केला असता तर सुखात असता 😀

सुपे_ऑर्लँडो:
ट्रम्प जाऊदे. माझ्या भावाच्या पेट्रोल पंपावर दरोडा पडला होता, कोर्टाने भरपाई लावली, वर्षातून कधीतरी १५-२० डॉलरचा चेक येतो तो पण आला तर. त्या पोराने आमचे पैसे बुडवून मतदानाच्या रांगेत आमच्या पुढे उभं राहायचं का? फी वगैरे सोडा, पण ज्याचं नुकसान केलं त्याचे पैसे आधी. ह्यात मला काही चूक वाटत नाही.

निलेश_नाशिक:
गंमत आहे, आपल्याकडे बरोबर उलटं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) प्रमाणे तुरुंगात असलेल्याला मत नाही, अगदी कच्चा कैदी, गुन्हा सिद्ध नसला तरी. पण सुटला की कुणाच्या पाया पडायला नको, यादीत नाव असलं की झालं. निवडणूक लढवायची तर मात्र दोन वर्षांची शिक्षा झाली की सुटल्यावर आणखी सहा वर्षं बंदी. अमेरिकेत गुन्हेगार राष्ट्राध्यक्ष चालतो, मतदार चालत नाही!

टॅम्पाकर:
@सुपे, तुमच्या भावाचं मान्य. भरपाई वसूल कराच, सावकारासारखी करा, पगारातून कापा. पण मत अडवून तुमचा चेक लवकर आला का? आणि ह्याच्या केसमध्ये भरपाई नाहीच, निव्वळ फ्या आहेत, थकल्यावर वसुली एजन्सीला त्यावर ४० टक्क्यांपर्यंत चढवता येतं.
@काका, नियम ठेवा, पण मग सरकारने बाकी किती ते एका जागी तरी सांगावं ना. ऑगस्ट २०२२ ला २० जणांना बेकायदा मतदान म्हणून पकडलं, त्यांच्या हातात मतदार कार्डं होती. ते खून-लैंगिक गुन्ह्यातले, म्हणजे हक्क नव्हताच, पण कार्ड दिलं कोणी? ते टीव्हीवर बघून माझा शेजारी लायसन्स रिन्यू करताना मतदार नोंदणीच्या चौकटीला हात लावत नाही. फॉर्मवर खोटी शपथ म्हणजे परत फेलनी.

खडूस_काका:
हे मात्र बरोबर. कार्ड देऊन मग बेड्या घालणं हा येडेपणा आहे. पण राज्याच्या निवडणूक विभागाकडे लेखी अभिप्राय मागता येतो, त्यावर विसंबून वागला तर संरक्षण मिळतं, ते का नाही करत तो?

टॅम्पाकर:
तेच चाललंय काका. कागदांत २०१३ ची एक मनी ऑर्डरची पावती सापडली, शाई इतकी उडालीय की ८५ आहे की ३५ तेच कळेना. मोबाईलचा टॉर्च मारून फोटो काढलाय, अर्जाला जोडतोय. कळलं काही तर इथेच टाकतो.