दमट हवेत कंडेन्सर माइक चरचरतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे मोठ्या डायफ्रामचा (आवाजाने थरथरणारा पातळ पडदा), कार्डिऑइड पॅटर्नचा (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) कंडेन्सर माइक आहे. ऑडिओ इंटरफेसवरून (माइक संगणकाला जोडणारी पेटी) ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्या केबलमधूनच जाणारा वीजपुरवठा) देतो. हवा कोरडी असताना आवाज अगदी स्वच्छ येतो. दमट झाली की मधूनच चरचर, फटफट ऐकू येते, तीही कुणी बोलत नसताना. केबल बदलून पाहिली, दुसरं इनपुटही वापरलं, फरक नाही. त्याच केबलवर डायनॅमिक माइक (ज्याला फँटम पॉवर लागत नाही) लावला की आवाज स्वच्छ!

त्यामुळे संशय कॅप्सूलवरच (माइकमधला डायफ्राम असलेला भाग) आहे. तिथला इम्पीडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा) इतका प्रचंड असतो की धूळ आणि ओलावा एकत्र आले की विद्युतभार गळतो आणि असा आवाज येतो, एवढं मला माहीत आहे. तोंडापासून १५-२० सेंटिमीटर अंतर ठेवतो, पॉप फिल्टरही असतो, तरी श्वासातली वाफ थोडीफार आत जाणारच.

वापर झाल्यावर माइक स्टँडवरच पिशवी घालून ठेवावा, की सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात? डब्यात ठेवायचा तर रोज शॉकमाउंटमधून (हादरे शोषणारी स्टँडवरची लवचिक पकड) काढायचा-घालायचा, त्यात हातातून पडायची धास्ती. रेकॉर्डिंगआधी बराच वेळ फँटम चालू ठेवल्याने ओल खरंच कमी होते का?

जाळी उघडून मी स्वतः काही पुसणार नाही. डायफ्राम जेमतेम काही मायक्रॉनचा, वर धातूचा नाजूक थर. तंत्रज्ञाकडून कॅप्सूल साफ करून घेतली आहे का कुणी? नंतर आवाजाचा पोत बदलला का? हा माइक मला फार प्रिय आहे, म्हणून अनुभवाचे बोल हवेत.