ड्रम ब्रेकच्या हबसाठी सायकलचे स्पोक घरी करावेत का?

प्रश्न — डिचोलीकर

नमस्कार. आमच्या वाड्यावर पहाटे आणि संध्याकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराची अठ्ठावीस इंची सायकल गेली काही वर्षे माझ्याच पडवीत दुरुस्त होते. मागची भरलेली टोपली, उताराचे रस्ते आणि पावसात नावापुरते लागणारे रॉड ब्रेक यांना कंटाळून त्याने यंदा मागे ड्रम ब्रेकचा हब (चाकाचा मधला तुंबा) घेतला आणि चाक बांधून देण्याचे मी उत्साहाच्या भरात कबूल केले. हब आणि ३६ भोकांची रिम हाती आल्यावर लक्षात आले की या हबची फ्लँज, म्हणजे स्पोक अडकवण्याची कडेची चकती, साध्या हबच्या दुपटीहून मोठी आहे, त्यामुळे दुकानात मिळणारे सुमारे ३०२ मिलिमीटरचे स्पोक सेंटीमीटरभर लांब पडतात. मला हव्या त्या आखूड मापाचे स्पोक येत नाहीत, असे मला तीन दुकानांत सांगण्यात आले.

तेव्हा मी शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला गेलो असता तेथून २ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस तारेचे वेटोळे आणले. तारेचे एक टोक व्हाइसमध्ये आणि दुसरे ड्रिलमध्ये धरून ओढत पीळ दिला, तर तार सुतासारखी सरळ झाली. मग टोक गॅसच्या टॉर्चवर लाल करून हातोडीने डोके बसवले, कोपर वाकवला आणि दुसऱ्या टोकाला एम-२ च्या डायने आटे पाडले. असे चार स्पोक करून चाकात भरून पाहिले. निप्पल, म्हणजे रिममधून स्पोक आवळणारी छोटी नट, दोन-तीन फेरे ढिले जाते आणि मग अडते. जोर लावून पुढे नेले तेव्हा एका स्पोकचे आटेच सोलून निघाले, दुसऱ्याला ताण येईना कारण निप्पल फिरवावे तशी तारच लांबत गेली, आणि तिसऱ्याचे डोके टक्कन तुटून पडवीच्या दुसऱ्या टोकाला गेले. चौथा अजून शाबूत आहे, पण त्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

तार कोणती घ्यावी, डोके गरम करून बसवावे की थंड, आणि आटे नेमके कुठे चुकले, हे जाणकारांनी कृपया सांगावे. स्पोक विकतच घ्या, एवढेच उत्तर असेल तर तेही ऐकेन, पण कारणासह.

उत्तर — टूलरूममधला म्हातारा, वास्को

तुमचे तीन स्पोक तीन वेगळ्या कारणांनी गेले आहेत, त्यामुळे एकेकाकडे स्वतंत्र पाहिले पाहिजे.

लांबत गेलेल्या स्पोकचा दोष तारेचा आहे. मागच्या चाकाच्या चेनकडच्या बाजूला स्पोकमध्ये साधारण १०० किलोचा ताण ठेवतात. २ मिलिमीटर तारेचे छेदक्षेत्र ३.१४ चौरस मिलिमीटर, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ३२ किलो झाले. वेटोळ्यात मिळणारी मऊ स्टेनलेस तार विसा-पंचविशीतच कायमची लांबू लागते. स्पोकसाठीची तारही बहुधा त्याच १८-८ जातीच्या (सुमारे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) स्टेनलेसची असते, परंतु ती थंड अवस्थेतच साच्यांतून ओढत ओढत बारीक केलेली असते आणि त्या ओढण्याने तिची ताकद दर चौरस मिलिमीटरला शंभर किलोच्या वर जाते. धातू एकच असला तरी त्याच्यावर झालेली मेहनत वेगळी असते.

यावरूनच डोक्याचे कोडे सुटते. १८-८ स्टेनलेसला जी कणखरता येते ती थंड ओढण्याने येते, तापवून पाण्यात बुडवण्याने नव्हे. टोक लाल केले की ती तेवढ्या भागातून निघून जाते आणि पुन्हा कितीही विझवले तरी परत येत नाही. त्यात तुम्ही तार व्हाइसच्या धारदार जबड्यात धरून ठोकली असणार, म्हणजे डोक्याच्या मुळाशी जबड्याची खूण पडली आणि तडा जायला जागा तयार झाली. तुटलेला तुकडा सापडला असल्यास भिंगाखाली पाहा, कडेला चकचकीत रेघ दिसेल असे मला वाटते.

डोके थंडच बसवतात. पोलादाचे दोन ठोकळे घेऊन त्यांच्या मध्ये पातळ पत्र्याची पट्टी ठेवावी, ते आवळून बरोबर सांध्यावर २ मिलिमीटरचे भोक पाडावे आणि नंतर पट्टी काढून टाकावी. आता ठोकळे आवळले की तार घट्ट पकडली जाते. भोकाच्या तोंडाची धार किंचित गोल करून घ्यावी, म्हणजे डोक्याखाली तीक्ष्ण कोपरा राहत नाही. वर तार किती ठेवायची, हा खरा प्रश्न आहे. चार मिलिमीटर व्यासाचे डोके व्हायला जवळजवळ पाच मिलिमीटर तार लागते, म्हणजे जाडीच्या अडीचपट. आणि एका ठोक्यात आधाराशिवाय दाबता येण्याची मर्यादाही साधारण तेवढीच आहे. त्याहून जास्त ठेवली तर तार दबण्याऐवजी वाकते आणि डोके एका बाजूला कलते. मी हौसेने असे डझनभर स्पोक करून स्वतःच्या सायकलीच्या पुढच्या चाकात घातले आहेत. त्यासाठी तीस-पस्तीस तुकडे वाया घालवले, हेही येथे नोंदवतो.

पियानोची तार किंवा टिग वेल्डिंगचा स्टेनलेस रॉड वापरण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. पियानोची तार हवी त्याहून कितीतरी कडक असते, ती कोपरात तडकते आणि आपल्या हवेत गंजतेही. वेल्डिंगच्या रॉडची हमी त्याच्या रासायनिक घटकांपुरती असते, कारण त्याचा जन्म वितळण्यासाठी झालेला आहे. तो ताण किती सोसेल याचे वचन कोणी दिलेले नसते.

उत्तर — फोंड्याचा सायकलवाला

काकांनी आट्यांचा विषय माझ्यासाठी ठेवला आहे असे समजून लिहितो.

एम-२ च्या आट्यांचे अंतर ०.४ मिलिमीटर असते, तर २ मिलिमीटरच्या स्पोकवर इंचाला ५६ आटे असतात, म्हणजे अंतर जवळजवळ ०.४५४ मिलिमीटर. दर आट्याला ०.०५ चा फरक म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण दहा आट्यांत तो अर्ध्या मिलिमीटरच्या वर जातो, म्हणजे एका पूर्ण आट्याहून जास्त. निप्पल दोन-तीन फेऱ्यांनंतर अडले ते यामुळे.

योग्य मापाची डाय मिळाली असती तरी काम झाले नसते, कारण स्पोकचे आटे कापत नाहीत, दाबून उठवतात. खाचांचे तीन रोलर तारेवर दाबून फिरवले की खाचेतला धातू वर सरकतो आणि २ मिलिमीटरची तार आट्यांच्या जागी २.२ च्याही थोडी वर जाते. निप्पल त्या वाढलेल्या मापाचे असते. डायने कापलेला आटा २ च्या वर जाऊच शकत नाही, म्हणून तो निप्पलमध्ये जेमतेम टेकतो आणि ताण आला की सोलतो. शिवाय कापलेल्या आट्याच्या तळाशी सुमारे १.४५ मिलिमीटर तार उरते आणि दाबलेल्याच्या तळाशी सुमारे १.७. छेदक्षेत्रात पाहिले तर पहिल्यात निम्मी तार राहते, दुसऱ्यात जवळजवळ तीन चतुर्थांश. दाबताना धातूचे तंतू तुटत नाहीत आणि आट्याचा तळ दाबाखाली राहतो, त्यामुळे तो लवकर थकतही नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की डोक्याचे टोक कारखान्याचे असावे आणि आट्याचे टोक घरचे असावे. चांगल्या प्रतीचे, सर्वत्र एकाच जाडीचे २ मिलिमीटरचे स्टेनलेस स्पोक लांब मापात घ्या, ते कापा आणि आटे पुन्हा दाबून घ्या. मध्ये बारीक केलेले स्पोक मात्र टाळा, कारण कापल्यावर त्यांचे जाड टोक अपुरे पडू शकते. आटे दाबण्याचे हाताने चालणारे यंत्र होझान ही जपानी कंपनी करते. यंत्र महाग वाटेल, परंतु चार-पाच जणांत मिळून घेतले तर अडचण नाही. आम्ही तसेच केले आहे.

आता लांबी. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून फ्लँजवरील भोकांच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर धरतो. रिमच्या आत निप्पलच्या माथ्यापासून समोरच्या निप्पलच्या माथ्यापर्यंतचा व्यास ६२२, आणि चाकाच्या मध्यापासून फ्लँज उजवीकडे २४ व डावीकडे ३३ मिलिमीटर. ही मापे तुम्ही व्हर्निअरने स्वतः घ्यावीत, माझ्यावर विसंबू नये. तीन छेद द्यायचे असल्यास, म्हणजे प्रत्येक स्पोक त्याच बाजूच्या इतर तीन स्पोकना ओलांडून जायचा असल्यास, ७२० ला ३६ ने भागून तिनाने गुणावे, कोन ६० अंश येतो. मग ३११ आणि ५० (वरच्या दोन व्यासांची अर्धी मापे) आणि २४ यांच्या वर्गांची बेरीज करून तीतून ३११, ५० आणि ६० अंशांचा कोसाइन यांच्या गुणाकाराची दुप्पट वजा करावी. वर्गमूळ २९०.२ येते, त्यातून फ्लँजच्या भोकाचा अर्धा व्यास, म्हणजे १.३, वजा केला की २८९ राहतात. डावीकडे २९० येतात. म्हणजे तुमच्या ३०२ च्या स्पोकचे बारा-तेरा मिलिमीटर कापायचे आहेत. जुने आटे जेमतेम दहा मिलिमीटरचे असल्याने ते सगळेच जातील आणि नव्याने करावे लागतील.

छेद न देता सरळ स्पोक भरण्याचा मोह टाळावा. ड्रम ब्रेक लागला की हब थांबतो, पण रिम फिरू पाहते. हा पीळ तिरपे स्पोकच पेलतात.

उत्तर — मोरजीहून एक वाचक

समुद्राजवळ राहत असल्याने एवढेच सुचवतो की निप्पल पितळेचेच घ्यावे. ॲल्युमिनियमची निप्पल हलकी असतात, परंतु खाऱ्या हवेत स्टेनलेसला चिकटून तीच आधी खाल्ली जातात आणि मग चाव्या लावल्या की चुरा होतो. स्टेनलेसवरही आमच्याकडे चहासारखे डाग पडतात, ते गोड्या पाण्याने धुतले तर पुढे जात नाहीत. जस्त चढवलेल्या स्पोकवर आटे पुन्हा दाबले तर तेथला थर फुटतो आणि गंज नेमका तेथूनच सुरू होतो, त्यामुळे ते या कामाला घेऊ नयेत.

पुन्हा — डिचोलीकर

सर्वांचे आभार. तुटलेले डोके झाडताना सापडले. भिंगाखाली काकांनी म्हटलेली चकचकीत रेघ अर्ध्याहून अधिक घेरावर दिसली.

फोंड्याच्या मित्रांनी यंत्र आठवडाभरासाठी दिले. पहिले दोन स्पोक मी बिघडवले, कारण कापलेले टोक कानशीने सपाट करून किंचित निमुळते केले नव्हते आणि रोलर वाकडे चढले. तिसऱ्यापासून जमले. टोकाला तेलाचा एक थेंब, स्पोक यंत्राच्या अगदी जवळ घट्ट धरलेला आणि हँडल न थांबता फिरवलेले, असे केले की तार हळूहळू आत ओढली जाते आणि बाहेर येते तेव्हा आटे आरशासारखे असतात. व्हर्निअरवर २.२३ भरले. निप्पल बोटाने शेवटपर्यंत गेले तेव्हा वाटलेले समाधान लिहून सांगण्यासारखे नाही.

चाक बांधले आहे, आऊटही (चाकाचा डुगडुगाटही) काढला आहे. परंतु पोदेराने पहिल्याच दिवशी तक्रार केली की टोपली भरून निघताना चाकातून टिक-टिक आवाज येतो. दोन दिवसांनी चाक पुन्हा किंचित आऊट झाले. ताण कमी पडला असावा का?

उत्तर — फोंड्याचा सायकलवाला

ताण कमी असेल, पण त्याआधी दुसरी शक्यता पाहा. निप्पल फिरवताना स्पोकही थोडा पिळतो, आणि वजन पडले की तो पीळ टिक-टिक करत सुटतो. निप्पल अर्धा फेरा पुढे नेले तर पाव फेरा मागे आणण्याची सवय ठेवावी. नंतर समांतर जाणाऱ्या स्पोकच्या जोड्या दोन्ही हातांनी जोरात दाबून चाकाभर फिरावे. याने कोपर फ्लँजवर नीट बसतात आणि वाकवताना धातूत अडकून राहिलेला ताण निघून जातो. डोके आणि फ्लँज यांत फट राहत असल्यास डोक्याखाली पितळेचा छोटा वॉशर घालावा. चाक बांधताना आट्यांना जवसाचे तेल लावले असते तर ते वाळून निप्पल जागेवर धरून राहिले असते. आताही एकेक निप्पल सोडवून लावता येईल.

ताण मोजायचे साधन नसल्यास स्पोक छेडून ऐकावे. एका बाजूचे सगळे स्पोक जवळजवळ एकाच सुरात वाजले पाहिजेत. उजवी बाजू डावीपेक्षा चढी असते, त्या दोन्हींची तुलना करू नये. ढिल्या स्पोकवर भार कमी येतो असा गैरसमज आहे. चाकाच्या प्रत्येक फेरीत स्पोक खाली आला की त्याचा ताण घटतो आणि वर गेला की परत येतो. अठ्ठावीस इंची चाक किलोमीटरला साडेचारशेच्या आसपास फेरे घेते. रोज वीस किलोमीटर धरले तर महिन्याला पावणेतीन लाख हेलकावे झाले, आणि जो स्पोक मुळात ढिला असेल तो खाली येताच पूर्ण सैल पडतो, कोपरात हलतो आणि आधी तुटतो.

पुन्हा — डिचोलीकर

जोड्या दाबताना चाकाने कडकड असा आवाज केला, तो ऐकून पोदेर दोन पावले मागे सरला. त्यानंतर सगळी निप्पल पाऊण फेरा आवळली आणि आऊट परत काढला. आज एकविसावा दिवस आहे. टिक-टिक बंद आहे आणि रिम ब्रॅकेटपासून दोन्हीकडे सारख्याच अंतरावर फिरते. शाबूत राहिलेला माझा चौथा स्पोक मी व्हाइसमध्ये वाकवून पाहिला, तर तो हाताने सहज वळला आणि तसाच राहिला.

उत्तर — टूलरूममधला म्हातारा, वास्को

तो स्पोक फेकू नका. कोपराच्या कोनाचे माप म्हणून ठोकळ्याजवळ टांगून ठेवा, ९५ अंशांच्या जवळ असेल तर उपयोगी पडेल. ठोकळे पाहायला कधीही या. येताना तुमच्या पोदेराकडचे चार उंडे (गोल पाव) घेऊन या, इकडे आता लाकडाच्या भट्टीचे मिळत नाहीत.