जुनी जीप, किनाऱ्याचा रस्ता आणि शेजारचा दोस्त : तुमचे अनुभव सांगा

मंडळी, समुद्र किती निळा होता ते लिहू नका, ते सगळ्यांनाच माहीत आहे. गाडी कुठे अडली आणि तेव्हा शेजारी कोण होतं, ते लिहा. सुरुवात मीच करतो.

माझ्या मित्राकडे सीजे-३बी आहे, उंच बॉनेटवाली. विलीजने १९५३ साली या जीपमध्ये हरिकेन इंजिन बसवलं. ते आधीच्या गो-डेव्हिल इंजिनापेक्षा उंच, म्हणून बॉनेटही वर उचलावं लागलं. त्यामुळे गाडी कायम भुवया उंचावून बघत असल्यासारखी दिसते. टप ताडपत्रीचा, दारं नाहीत आणि खालून ट्रान्सफर केसचं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचं, अखंड रडगाणं. बोलायचं म्हणजे ओरडायचंच. सकाळपासून एक वाक्य मनात घोळत होतं, ते शेवटी मी ओरडलो, "नोकरी सुटली!"

त्याने करकचून ब्रेक मारला, उतरला, मागे गेला आणि सामानाला बांधलेली दोरी ओढून पाहिली. "आहे की रे घट्ट!" म्हणत परत येऊन बसला. मला पुन्हा ओरडायचा धीर झाला नाही.

दुपारी चढावर, समुद्र डावीकडे खाली, इंजिनाने दोन आचके दिले आणि ते गप्प झालं. व्हेपर लॉक. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला. उन्हात हळूहळू चढ चढताना आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफच ओढत बसतो. मित्राने प्यायच्या पाण्यात टॉवेल भिजवला आणि पंपावर गुंडाळला. खाली गळणारे थेंब गरम लोखंडावर चुर्र करत होते. वीस-एक मिनिटं थांबणं भाग होतं. सकाळपासूनची ती पहिली शांतता. टॉवेल पिळता पिळता, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मघाशी तू दोरी नव्हतास म्हणाला, ना?"

तर लिहा आता.

*

माझी गोष्ट वाळूतली. मैत्रिणीच्या आजोबांची लँड रोव्हर, सीरिज टू-ए. पिवळी मूठ खाली दाबली की पुढची चाकंही लागतात, लाल मुठीचा दांडा मागे ओढला की लो रेंज, म्हणजे वेग कमी, जोर जास्त. एवढे दोन रंग पाठ केले की झालं, असा आमच्या दोघींचा समज. टायरची हवा कमी करायची असते हे दोघींच्याही गावी नव्हतं.

डांबरी रस्त्यासाठी भरलेला टायर मऊ वाळूत सुरीसारखा उतरतो. तोच हवेच्या दाबाच्या १५ ते १८ पीएसआयवर आणला की पसरतो, त्याचं पाऊल लांबट पडतं आणि गाडी वर तरंगल्यासारखी चालते. आमची तरंगली नाही. मैत्रीण ॲक्सिलरेटर दाबत राहिली आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी खाली जात राहिली. मी जेवणाच्या ताटलीने चाकापुढची वाळू उपसायला बसले. हातभर खड्डा झाला तसा त्याच्या तळाशी पाणी चमकलं. लाट अजून बरीच लांब होती, पाणी खालून येत होतं.

ओहोटीची वेळ आम्ही तक्त्यात पाहिली होती, पण आदल्या आठवड्याच्या ओळीत. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास. जिथे ओहोटी हवी तिथे नेमकी भरती! मग काडीने व्हॉल्वची पिन दाबून चारही चाकांची हवा काढली, पायाखालचे मॅट चाकांपुढे सरकवले, लो रेंज, दुसरा गिअर, आणि क्लच अगदी हळू. निघाली. एक मॅट मागच्या चाकातून उडून लाटेत गेला, तो गेलाच.

पुढची मजा अशी की हवा भरायचा पंप दोघींपैकी कोणीच आणला नव्हता. थुलथुलीत टायरांवर वीसच्या वेगाने तीन तास. मागे हॉर्नची रांग. मैत्रीण खिडकीतून हात काढून सगळ्यांना पुढे जायची खूण करत होती आणि मला म्हणत होती, "आजोबांना मॅटचं तू सांग."

*

आमची कुठेच अडली नाही. अडली असती तर बरं झालं असतं, निदान मला उतरता आलं असतं. तीन दिवसांत मित्राने एकदाही स्टीअरिंग हातात दिलं नाही. "तिला माझ्या हाताची सवय आहे," म्हणे. पेट्रोलला मात्र माझे पैसे तिला चालले.

*

"लँड रोव्हरची बॉडी ॲल्युमिनियमची, तिला समुद्राचं काय भय?" हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय, एकदा स्वतःही म्हटलंय. तिचा जन्मच मुळी किनाऱ्यावरचा. मॉरिस विल्क्सने १९४७ साली वेल्समधल्या अँगलसी बेटावर, रेड व्हार्फ बेच्या वाळूत तिचं पहिलं चित्र रेखाटलं असं सांगतात. १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. युद्धानंतर पोलादाची टंचाई, म्हणून अंगाला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू. पण चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, पोलादाचीच. दोन धातू एकमेकांना टेकतात तिथे खारं पाणी शिरलं की बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होऊन झडायला लागते. चेसिस तर आतून पोकळ, तिचा गंज दिसतच नाही.

चार दिवस किनाऱ्याने फिरून आलो, मी आणि मित्राने गाडी चकाचक धुतली. वरून. सात महिन्यांनी मागची पाट्यांची स्प्रिंग चेसिसला जिथे टांगलेली असते तिथे मी सहज स्क्रू ड्रायव्हर टेकवला. ओल्या पुठ्ठ्यात जावा तसा तो मुठीपर्यंत आत गेला. मित्र शेजारीच उकिडवा बसला होता. बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "काढू नकोस. राहू दे तसाच."

तेव्हा परतल्या दिवशीच चेसिसच्या भोकांतून गोडं पाणी सोडा, बाहेर स्वच्छ येईपर्यंत. आणि धुतल्यावर लगेच जोरात निघू नका. ड्रम ब्रेक भिजले की पेडल दाबलं तरी गाडी ऐकत नाही. थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवायचं, म्हणजे ड्रम तापून सुकतात.

*

विलीज एमबी जीप, दुसऱ्या महायुद्धातली. सहा व्होल्टची बॅटरी, रात्री दिव्यांपेक्षा चांदण्याचा भरवसा जास्त. समुद्रावरचं धुकं आलं आणि इंजिन फटफट करत बंद पडलं. टॉर्च घरी राहिली होती. मित्राने ग्रिलमागचा हेडलाइटचा चाप सैल केला आणि अख्खा दिवा उलटा फिरवून बॉनेटखाली वळवला. रात्री दुरुस्ती करता यावी म्हणून फौजेसाठी केलेली ही सोय, मला ठाऊकच नव्हती. ठिणगीची वीज प्लगांना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं तर आत दव. ते बनियनने पुसलं, त्यातले पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे विजेचे संपर्क, नखांच्या कानसीने घासले. दिवा तोवर पिवळा पडत चालला होता, स्टार्टरला काही उरलंच नाही.

मग हँडल. हँडलभोवती अंगठा गुंडाळायचा नाही, चारही बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. मी फिरवत होतो आणि अंधारातून दर वेळी आवाज, "अंगठा!" अकराव्यांदा सुरू झाली. अजूनही त्याचा फोन आला की मी "हॅलो" म्हणतो आणि तो "अंगठा!"

*

पुढच्या महिन्यात आम्ही दोघं निघतोय. बरोबर काय न्यावं?

*

फॅन बेल्ट, पॉइंट, कंडेन्सर, पेट्रोलच्या नळीचा हातभर तुकडा, हवेचा पंप आणि गोड्या पाण्याचा कॅन. बाकीचं वाटेत सुचतं.

*

धागा आज वाचला. तो सीजे-३बीवाला मित्र मीच.

मला पहिल्यांदाच "नोकरी" ऐकू आलं होतं. काय बोलावं ते सुचेना, म्हणून उतरून दोरी ओढत बसलो.

व्हेपर लॉक मात्र खरं होतं.