टेक-ऑफचा हिशेब एक्सेल शीटवर करण्यात नेमका धोका कोणता?

धावपट्टी_२७ यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्याकडे दोन इंजिनांची दोन छोटी पिस्टन विमाने आहेत. टेक-ऑफ व लँडिंगला लागणारे अंतर आणि वजन व गुरुत्वमध्य यांचा सगळा हिशेब एका एक्सेल शीटवर होतो. ही शीट सात वर्षांपूर्वी एका वैमानिकाने मोठ्या हौसेने तयार केली होती. ते आता नोकरी सोडून गेले आहेत. विमानाच्या पुस्तिकेतील तक्ते त्यांनी एकेक आकडा पाहून हाताने टाइप केले होते. तापमान, हवेचा दाब, वारा आणि वजन भरले की अंतर हिरव्या रंगात येते, आणि धावपट्टी पुरत नसेल तर लाल रंगात.

गेल्या आठवड्यात मी सहज म्हणून एका उड्डाणाचा हिशेब पुस्तिकेवरून हाताने केला. शीटने ६२० मीटर दाखवले होते, माझे उत्तर ६६२ आले. तापमान ३६ अंश होते. तक्त्यात ३० आणि ४० अंशांच्या ओळी आहेत. दोनदा तपासले तरी फरक तेवढाच राहिला. वरिष्ठांचे म्हणणे असे की इतक्या वर्षांत काही बिघडलेले नाही आणि आमची धावपट्टी भरपूर लांब आहे. मला वाद घालायचा नाही, पण ही चूक कुठे शोधावी आणि अशा शीटमध्ये आणखी काय लपलेले असू शकते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

हिशेबनीस यांचे उत्तर

आपल्या तक्त्यातील ३० अंशांच्या ओळीत ६२० हाच आकडा आहे का, ते आधी पाहावे. असेल, तर चोर सापडला म्हणून समजा. तक्त्यातून आकडा शोधून आणणाऱ्या व्हीलुकअप या सूत्राला शेवटचे, म्हणजे चौथे मूल्य दिले नाही, तर ते 'अंदाजे जुळणी' गृहीत धरते, आणि नेमका आकडा सापडला नाही की त्याच्या आधीची लहान ओळ मुकाट्याने उचलते. त्यामुळे ३६ अंश भरले तरी शीट ३० अंशांचेच उत्तर देते. दोन ओळींच्या मधला आकडा प्रमाणात काढावा, हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. वजन आणि हवेच्या दाबावरून धरलेली उंची त्या दिवशी तक्त्यातील आकड्यांवरच आली असावीत, म्हणून फरक ४२ मीटरवर निभावला. तिन्ही गोष्टी मधल्या असत्या, तर तिन्ही खालीच उतरल्या असत्या. या चुका एकमेकींना कापत नाहीत; सगळ्या एकाच बाजूला झुकतात आणि ती बाजू नेमकी आपल्या विरोधातली असते.

दुसरा धोका रिकाम्या चौकटीचा. एक्सेलचे सूत्र रिकामी चौकट शून्य म्हणून वाचते. वजनाची चौकट रिकामी राहिली तर उत्तर इतके विचित्र येते की कोणाच्याही लक्षात येईल. तापमानाची राहिली तर शीट शून्य अंशांचे, म्हणजे छान थंड हवेचे उत्तर देते, आणि ते उत्तर अजिबात विचित्र दिसत नाही.

तिसरा किस्सा माझ्या डोळ्यांसमोरचा आहे. एका लोडशीटवर, म्हणजे विमानात भरलेल्या वजनाच्या तक्त्यावर, कोणीतरी मागच्या कप्प्यातील सामानाच्या चौकटीत नुसते १२० न लिहिता '१२० किलो' असे लिहिले. बेरजेचे सूत्र मजकूर असलेली चौकट वगळून पुढे जाते, त्यामुळे ते १२० किलो एकूण वजनातून गेले. शेजारच्या रकान्यात वजन गुणिले आर्म (ठरलेल्या संदर्भबिंदूपासून त्या वजनाचे अंतर) काढताना खरे तर चूक दिसायला हवी होती. पण शीट नीटनेटकी दिसावी म्हणून तिथे 'चूक आल्यास शून्य दाखव' असे इफएररचे सूत्र लावलेले होते. परिणामी गुरुत्वमध्यही मर्यादेतच दिसला. २,००० किलोच्या विमानात १२० किलो म्हणजे ६ टक्के. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने छोट्या विमानांसाठी दिलेल्या मार्गदर्शनात वजन १० टक्के वाढले की टेक-ऑफचे अंतर सुमारे २० टक्के वाढते असे धरले आहे, त्यावरून काय ते लक्षात येईल. इफएररचे सूत्र हिशेबाच्या शीटमध्ये कुठेही असू नये, असे माझे ठाम मत आहे.

जुना_वैमानिक यांचे उत्तर

हिशेबनीसांचे सगळे मुद्दे मान्य, तरी दोष एकट्या एक्सेलच्या माथी मारू नये. १४ ऑक्टोबर २००४ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स येथे एक मालवाहू बोइंग ७४७ टेक-ऑफ करताना कोसळले आणि विमानातील सातही जणांचा मृत्यू झाला. त्यांच्याकडे लॅपटॉपवर विमान उत्पादकाचाच खास प्रोग्राम होता. विमानाचे वजन सुमारे ३५३ टन असताना हिशेबात बहुधा आधीच्या उड्डाणाचे २४० टन राहून गेले, असा तपासाचा निष्कर्ष होता. २० मार्च २००९ रोजी मेलबर्न येथे एअरबस ए३४० विमानात ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टन भरले गेले. एका अंकाची चूक. शेपटी धावपट्टीला घासली, आणि केवळ नशिबाने सगळे सुखरूप परतले. दोन्ही ठिकाणी यंत्राने हिशेब बिनचूक केला होता, फक्त तो त्या विमानाचा नव्हता.

म्हणून माझा आग्रह शीटपेक्षा पद्धतीवर आहे. दोघांनी आपापल्या कागदावरून स्वतंत्र हिशेब करावा आणि मगच उत्तरे ताडून पाहावीत. एकाने वाचायचे आणि दुसऱ्याने मान डोलवायची, याला पडताळणी म्हणत नाहीत. प्रत्येक उड्डाणाआधी भरण्याच्या सर्व चौकटी रिकाम्या कराव्यात, आणि एकही रिकामी असेल तर शीटने उत्तरच देऊ नये. धावपट्टीची लांबीही शीटमध्ये कायमची कोरलेली असते, हेही पाहावे. वैमानिकी माहितीपत्रकातील बदल २८ दिवसांच्या चक्राने लागू होतात, आणि एखाद्या टोकाला दुरुस्ती निघाली तर नोटॅमने, म्हणजे वैमानिकांसाठीच्या तातडीच्या सूचनेने, लांबी त्याच दिवशीही घटते.

राहिला प्रश्न ४२ मीटरचा. पुस्तिकेतील अंतर नव्या विमानाने, निष्णात चाचणी वैमानिकाच्या हातून मिळालेले असते. वर उल्लेख झालेल्या मार्गदर्शनात म्हणूनच टेक-ऑफच्या अंतराला १.३३ ने गुणायला सांगितले आहे. लांब धावपट्टीवर हे ४२ मीटर त्या राखीव अंतरातून गुपचूप कापले जात होते, एवढाच सात वर्षे काही न बिघडण्याचा अर्थ आहे. हे विमान उद्या आखूड आणि ओल्या गवताच्या धावपट्टीवर न्यावे लागले, तरी शीट तीच असेल आणि हिरवा रंगही तोच.

धावपट्टी_२७

दोघांचेही मनापासून आभार. ३० अंशांच्या ओळीत ६२० हाच आकडा निघाला आणि सूत्रात चौथे मूल्य खरोखरच नव्हते. आता मधला आकडा प्रमाणात काढणारे सूत्र लिहिले, तर शीट पुन्हा वापरता येईल का?

हिशेबनीस

इतक्यात नको. सूत्र सुधारले तरी हाताने टाइप केलेले तक्ते तसेच आहेत. सगळे आकडे पुस्तिकेशी ताडणे कंटाळवाणे असते आणि कंटाळलेला डोळा चुका सोडतो, म्हणून आधी प्रत्येक ओळीचा आलेख काढावा. उंची वाढते तसे अंतर हळूहळू वाढत गेले पाहिजे. रेषा जिथे मध्येच वाकते किंवा उडी मारते, तिथे पुस्तिका उघडावी. त्यानंतर सगळे आकडे ताडावेतच, कारण छोटी चूक आलेखातही लपते.

धावपट्टी_२७

आलेख काढले. २० अंशांच्या ओळीत १,००० फुटांना ४४०, २,००० फुटांना ४५८ आणि ३,००० फुटांना एकदम ५३४ मीटर आहे. पुस्तिकेत मधला आकडा ४८५ आहे. टाइप करताना शेवटचे दोन अंक उलटे पडलेले दिसतात. हा आलेख वरिष्ठांपुढे ठेवला, तेव्हा त्यांनी बराच वेळ पाहिला आणि स्वतःच पुस्तिका मागून घेतली. शीट सध्या बंद आहे. उद्याच्या उड्डाणाचे अंतर मी आणि वैमानिक पुस्तिकेवरून वेगवेगळे काढणार आहोत.